नाव पुसलेल्या ट्रकचा कारखाना कसा शोधतात

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जे ट्रक धावायचे, त्यातला एखादा आज सापडला तर तो कुणी बनवला हे ओळखायचं कसं, याबद्दल आज बोलायचं आहे. आपला ट्रकशी संबंध कांदा, कापूस नाहीतर ऊस भरण्यापुरता. पण ही गोष्ट शिलाई मशीनपासून सुरू होते, म्हणून रेडिओ लगेच बंद करू नका.

थॉमस व्हाइट नावाचा एक माणूस अमेरिकेत शिलाई मशीन बनवायचा. १८६६ मध्ये त्याने आपला कारखाना क्लीव्हलँड या शहरात आणला. व्हाइटची मशीन घरोघरी गेली. पुढे त्याचा मुलगा रोलिन याने वाफ झटपट तयार करणारा बॉयलर शोधून काढला आणि १९०० च्या सुमारास त्याच शिलाई मशीनच्या कारखान्यात वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनू लागल्या. पाठोपाठ माल वाहणाऱ्या गाड्या आल्या. १९०६ मध्ये गाड्यांची कंपनी वेगळी काढली, मग पेट्रोलचं इंजिन आलं आणि व्हाइट हे अमेरिकेतलं ट्रकचं मोठं नाव झालं. बायकांच्या शिलाई मशीनवर मिळवलेल्या पैशातून आणि त्या कामात तयार झालेल्या हातांमधून हा ट्रक उभा राहिला.

व्हाइट एकटाच नव्हता. त्या काळात ट्रक बनवणारे शेकडो कारखाने होते. कुणी आधी घोडागाडी बनवत होतं, कुणी लोहारकाम करत होतं, कुणी शेतीची अवजारं. डायमंड टी नावाचा ट्रक शिकागोत बनायचा. त्यातला 'टी' म्हणजे मालकाचं आडनाव टिल्ट, आणि हिऱ्याची खूण आली त्याच्या वडिलांच्या बुटांच्या धंद्यातून. रिओ नावाच्या ट्रकचं नाव म्हणजे मालक रॅन्सम ई. ओल्ड्स याच्या नावाची आद्याक्षरं. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी कापणीची यंत्रं विकायची. तिने १९०९ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'ऑटो वॅगन' काढली. चाकं बग्गीसारखी उंच, कारण खेड्यातल्या रस्त्यांना चिखल आणि खोल चाकोऱ्या. आठवडाभर त्यात माल न्यायचा आणि रविवारी मागे बाक बसवून घरच्यांना चर्चला न्यायचं.

एवढे कारखाने, मग आज त्यांचे ट्रक दुर्मिळ का? मोटारगाडी लोक हौसेने जपतात, ट्रक मरेपर्यंत राबवतात. ट्रक थकला की त्याचं इंजिन लाकूड कापायच्या करवतीला जोडायचं, चाकं दुसऱ्या गाडीला लावायची, सांगाडा कापून शेतात ओढायला काहीतरी करायचं. १९२९ नंतरच्या मंदीत कितीतरी कारखाने बंद पडले. दुसऱ्या महायुद्धात लोखंड गोळा करण्याची मोहीम निघाली, तेव्हा उरलेसुरले ट्रक भंगारात गेले. म्हणून आज एखाद्या जुन्या कोठारात असा ट्रक निघाला, तर बहुतेक वेळा त्याला बॉनेट नसतं, दिवे नसतात, नावाची पाटी तर नसतेच. उरतो सांगाडा. त्या सांगाड्याला विचारायचं, तू कुणाचा?

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. पण ते नाव देणाऱ्याचं असतं नाहीतर घेणाऱ्याचं. भांडं घडवणाऱ्या तांबटाचं नाव त्यावर नसतं. जुन्या ट्रकचंही तसंच आहे. जुन्या फोटोत ट्रकच्या अंगावर मोठ्या अक्षरांत बर्फवाल्याचं, कोळशाच्या वखारीचं नाहीतर दूधवाल्याचं नाव दिसतं. नवखा माणूस तेच ट्रकचं नाव समजतो. आपल्या टेम्पोवर 'आईची कृपा' लिहिलेलं असतं, म्हणून टेम्पो आईने बनवला असं कुणी म्हणत नाही. तिथेही तसंच समजायचं.

मग बघायचं कुठे? पहिली जागा पुढचं नाक, म्हणजे रेडिएटर. इंजिनाचं पाणी थंड करणारी ती जाळी. त्या काळी रेडिएटरची वरची टाकी बऱ्याचदा ओतीव धातूची असायची आणि तिच्यातच कारखान्याचं नाव ओतलेलं असायचं. रंग उडाला तरी ओतलेली अक्षरं राहतात. दुसरी जागा चाकाचा तुंबा. बैलगाडीचं चाक आठवा, मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे, वर लोखंडी धाव. जुन्या ट्रकची चाकंही पुष्कळदा लाकडी आऱ्यांचीच होती, फक्त धावेच्या जागी भरीव रबर. तुंब्यावर जे झाकण असतं त्यावर बहुधा नाव कोरलेलं सापडतं. तिसरी जागा चालकाच्या समोरची फळी किंवा त्याच्या बैठकीखालची बाजू. तिथे पितळेची छोटी पाटी असायची. तिच्यावर कंपनी, गाव, मॉडेल आणि क्रमांक. पाटी गेली असेल तरी सांगाड्याच्या लोखंडावर क्रमांक ठोकलेला असू शकतो. शेवटी क्लच-ब्रेकचे पाय-पट्टे बघायचे. काही कारखाने त्यांच्यावर आपली अक्षरं ओतत. पाय घासून ती गुळगुळीत झालेली असतात, पण बोट फिरवलं की लागतात.

नाव कुठेच मिळालं नाही तर शरीराची ठेवण बघायची. मागच्या चाकांना ताकद कशी पोचते? सायकलसारखी जाड साखळी दोन्ही बाजूंना असेल तर तो एक प्रकार. स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा दातेरी चाक फिरवत असेल, ज्याला वर्म गिअर म्हणतात, तर तो दुसरा. चाकाच्या आतल्या बाजूला दाते असतील तर तिसरा. दिवे रॉकेलचे आहेत, कार्बाइडवर पाणी टाकून निघणाऱ्या गॅसचे आहेत की विजेचे, यावरून काळाचा अंदाज येतो. रेडिएटर मुळातच नसेल तर गाडी बॅटरीवरची असू शकते. हो, तेव्हाही बॅटरीचे ट्रक होते! फिलाडेल्फिया शहरात 'लेडीज होम जर्नल' हे बायकांचं मासिक छापणाऱ्या कर्टिस कंपनीने १९१० च्या दशकात 'कमर्शियल ट्रक' नावाच्या कारखान्याचे बॅटरीवरचे ट्रक घेतले होते. कागद आणि छापलेली मासिकं वाहण्याचं काम त्यांच्याकडून जवळजवळ पन्नास वर्षं घेतलं.

आता फसगत कुठे होते ते सांगते, कारण खरी कसोटी तिथे आहे.

समजा, इंजिनावर स्वच्छ पाटी आहे, 'कॉन्टिनेंटल'. मग ट्रक कॉन्टिनेंटल कंपनीचा? नाही. कॉन्टिनेंटल, ब्यूडा, वॉकेशा, विस्कॉन्सिन या कंपन्या इंजिनं बनवून अनेक ट्रकवाल्यांना विकायच्या. मागचा आस टिमकेन कंपनीचा, गिअरपेटी ब्राउन-लाइपची, चाकं चौथ्याची. लहान कारखाना हे सगळं विकत आणून सांगाड्यावर बसवायचा आणि पुढे आपलं नाव लावायचा. म्हणजे एकाच ट्रकवर चार नावं सापडतील आणि ज्याने ट्रक उभा केला त्याचंच नाव नसेल. तरीही हे सुटे भाग उपयोगाचे असतात. अमुक इंजिन, तमुक आस आणि सांगाड्याची एवढी लांबी हा मेळ कोणत्या कारखान्याच्या कोणत्या मॉडेलचा होता, हे त्या काळच्या छापील माहितीपत्रकांत बघता येतं. एका खुणेवरून नाव ठरवायचं नाही, तीन-चार खुणा एकाच घराकडे बोट दाखवायला लागल्या की मगच नाव घ्यायचं.

दुसरी फसगत दिसण्याची. मॅक कंपनीचा 'एसी' हा ट्रक १९१६ मध्ये आला. त्याचं नाक पुढे उतरतं, कारण रेडिएटर पुढे नसून इंजिनाच्या मागे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांनी त्याचं चपटं नाक आणि चिवटपणा बघून त्याला बुलडॉग म्हटलं, आणि कंपनीने पुढे तीच आपली खूण केली. म्हणून उतरत्या नाकाचा कुठलाही जुना ट्रक दिसला की लोक 'मॅक' म्हणून मोकळे होतात. पण तसंच नाक केली-स्प्रिंगफील्डच्या ट्रकलाही होतं आणि इंटरनॅशनलच्या १९१५ च्या ट्रकलाही. मागे गेलं की फरक कळतो. मॅक एसीला मागे साखळ्या आहेत, इंटरनॅशनलच्या त्या ट्रकला चाकाच्या आत दाते आहेत. केलीच्या बाबतीत आणखी एक घोळ. त्याच नावाची टायरची कंपनीही होती, म्हणून टायरवरचं 'केली' बघून ट्रकचं नाव ठरवता येत नाही.

तिसरी फसगत फोर्डची. फोर्डची मॉडेल टी मोटार स्वस्त होती, आणि तिला लांब करून ट्रक बनवायचं सामान बाजारात वेगळं मिळायचं. शिकागोची 'स्मिथ फॉर्म-ए-ट्रक' कंपनी असं सामान विकायची. १९१७ मध्ये फोर्डने स्वतःच एक टनाचा मॉडेल टीटी ट्रक काढला, सहाशे डॉलरला सांगाडा. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १०० इंचांचं अंतर, ट्रकच्या चाकांत १२४ इंचांचं. टेप लावला की कळतं. पण सामान लावून वाढवलेली मोटारही लांबच असते, म्हणून पुन्हा मागे जायचं. वर्म गिअर असेल तर तो फोर्डचा स्वतःचा ट्रक. मोटारीच्या मूळ आसाला साखळ्या जोडून मागे दुसरा आस बसवला असेल, तर ती वाढवलेली मोटार. अर्धी फोर्डची, अर्धी दुसऱ्याची.

चौथी फसगत युद्धाने केली. सैन्याकडे इतक्या वेगवेगळ्या कारखान्यांचे ट्रक गोळा झाले की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसेना. मग १९१७ मध्ये सैन्याने इंजिनिअरांना बसवून एकच ट्रक आखून घेतला, लिबर्टी. पहिले दोन नमुने त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनला पोचले, एक लायमा गावच्या ग्रॅम-बर्नस्टाइन कारखान्याचा, दुसरा रॉचेस्टरच्या सेल्डन कारखान्याचा. पुढे पंधरा कारखान्यांनी मिळून नऊ हजारांहून जास्त लिबर्टी ट्रक बनवले, सगळे सारखे. नाकावर कारखान्याचं नाव नाही, फक्त देशाची तीन अक्षरं, यूएसए. इथे घडवणाऱ्याचं नाव मुद्दाम मागे ठेवलं होतं. युद्ध संपल्यावर सैन्याचे उरलेले ट्रक राज्याराज्यांच्या रस्ते खात्यांना वाटले गेले आणि अमेरिकेतले कितीतरी रस्ते याच ट्रकांनी बांधले.

विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल या छोट्या गावातला एक ट्रक आपण विशेष लक्षात ठेवावा. ऑटो झाकाव आणि विल्यम बेसरडिक या दोन कारागिरांनी चारही चाकांना ताकद देणारी गाडी तयार केली. त्यातून एफडब्ल्यूडी कंपनी निघाली. त्यांचा तीन टनी 'मॉडेल बी' चिखलातून सुटायचा, म्हणून युद्धात त्याला एवढी मागणी आली की किसेलसारख्या दुसऱ्या कारखान्यांनाही तो बनवायला दिला. म्हणजे नाव एफडब्ल्यूडीचं, इंजिन विस्कॉन्सिन कंपनीचं आणि हात किसेलच्या कामगारांचे, असंही घडलं.

युद्धात पुरुष गेले तेव्हा या कारखान्यात बायका कामाला आल्या. त्यातल्या सहा जणींना नवे ट्रक चालवून तपासायचं आणि गावोगाव चालवून दाखवायचं काम मिळालं. त्यातली पहिली ल्युएला बेट्स. वय विशीच्या आसपास. १९१८ पासून ती हा तीन टनी ट्रक राज्यभर चालवत होती. स्टिअरिंग हलकं करणारी कोणतीही सोय तेव्हा नव्हती, आणि ट्रकची देखभालही ती स्वतः करायची. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बहुतेक बायकांना घरी पाठवलं. ल्युएला मात्र १९२२ पर्यंत टिकली. जानेवारी १९२० मध्ये ती न्यूयॉर्कला गेली आणि त्या राज्यात ट्रक चालवायचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री ठरली. कंपनीने तिच्या नावाने जाहिरात केली, फोटो काढले. आज तिचं नाव आपल्याला माहीत आहे ते त्या फोटोंमुळे आणि कागदांमुळे. तिच्यासोबत त्याच कारखान्यात नट-बोल्ट आवळणाऱ्या इतर बायकांची नावं अशी घराघरांत पोचली नाहीत. त्यांनी घडवलेला एखादा ट्रक आजही कुठल्या संग्रहालयात उभा असेल. तुंब्यावर कंपनीची तीन अक्षरं आहेत, त्यांची नाहीत.

कारखान्यांची नावंही पुढे टिकली नाहीत. आपला शिलाई मशीनवाला व्हाइट मोठा होत गेला आणि त्याने १९५१ मध्ये स्टर्लिंग, १९५३ मध्ये ऑटोकार, १९५७ मध्ये रिओ आणि १९५८ मध्ये डायमंड टी विकत घेतले. शेवटी १९८१ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्होने व्हाइटचाच ट्रकचा धंदा घेतला. मोठा मासा लहान माशाला गिळतो तेव्हा लहान माशाचं नाव आधी जातं.

हे आपल्या जवळही घडलं आहे, थोड्या नंतरच्या काळात. मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना निघाला. सुटे भाग बोटीने यायचे, गाडी इथे उभी राहायची, नाव शेव्हरोले. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा नावांचे ट्रक निघाले. ही तिन्ही नावं एकाच अमेरिकन क्रायस्लर कंपनीची. तुमच्या आजोबा-आजेसासऱ्यांनी फार्गो आणि डॉज यांची तुलना करत वाद घातला असेल, तर पुष्कळदा तो एकाच ट्रकच्या दोन पाट्यांवरचा वाद होता.

मग या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय?

जुने ट्रक जपणारे जाणकार एक शिस्त पाळतात. खात्री नसेल तर ते पाटीवर 'कारखाना अज्ञात' असं लिहितात. मॅक म्हटलं तर किंमत वाढते, बघायला लोक येतात, मोह होतो. पण चुकीचं नाव लावलं की ज्याने तो ट्रक खरंच बनवला, त्याची शेवटची खूणही मिटते. रिकामी जागा उद्या कुणीतरी भरू शकतं. खोट्या नावाने भरलेली जागा पुन्हा कुणी तपासत नाही. गटाच्या वहीत एखादी नोंद आठवत नाही म्हणून अंदाजाने आकडा टाकला की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून तीन साधी कामं सुचवते. गटाची पिठाची गिरणी असेल, शेवयांचं नाहीतर पापडाचं मशीन असेल, तर त्याच्या पाटीवरचं कंपनीचं नाव, मॉडेल आणि क्रमांक आजच वहीत उतरवून घ्या. मोटरची पाटी वेगळी असते, तीही वेगळी लिहा, नाहीतर पाच वर्षांनी सुटा भाग मागवताना कॉन्टिनेंटलवाली गडबड होईल. पाटीचा फोटो काढून दोघी-तिघींच्या मोबाइलमध्ये ठेवा. पाटी तेलाने पुसली जाते, रंगवताना झाकली जाते.

दुसरं, आपण जे बनवतो त्यावर आपल्या गटाचं नाव, गाव आणि तारीख असू द्या. मोठा व्यापारी आपले पापड घेऊन स्वतःच्या पाकिटात भरतो, तेव्हा आपण लिबर्टी ट्रक बनवणाऱ्या त्या पंधरा कारखान्यांसारख्या होतो. माल आपला, नाकावर नाव दुसऱ्याचं. पैशाची गरज असते, कधी तसं करावंही लागतं. पण निदान आपल्या वहीत लिहून ठेवा की हा माल या गटाने या दिवशी बनवला.

आणि तिसरं, गटाचा फोटो निघाला की त्याच्या मागे सगळ्यांची नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. अध्यक्ष आणि सचिव यांची तर लिहाच, पण मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसणारीचंही लिहा. क्लिंटनव्हिलच्या कारखान्यात तेवढं झालं असतं, तर आज ल्युएलासोबत आणखी कितीजणींची नावं मी तुम्हाला वाचून दाखवली असती.

घरात जुनं शिलाई मशीन असेल तर त्याच्या पाटीवर, चाकावर आणि पायाखालच्या ओतीव जाळीवर काय लिहिलं आहे ते बघा आणि गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा.